एम्प्रेस मिल नेटवर शोधायची तर: नव्या संशोधकांसाठी चार गोष्टी

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर पारा पंचेचाळिसावर, आत कूलरची घरघर. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मॅडम, एम्प्रेस मिलवर नेटवर काहीच नाही हो. दोन दिवसांपासून शोधून राहिली मी." काय टाकून शोधलं, विचारलं. "एम्प्रेस मिल नागपूर." आणि आलं काय? मॉल, फ्लॅटच्या जाहिराती आणि एकमेकांच्या ओळी उचललेले आठ-दहा लेख.

तिचं काही फार चुकलं नव्हतं. अभिलेखागाराच्या काउंटरवर बसलेला जुना माणूस सांगतो, "बाई, मिल म्हणून नाही मिळणार, कंपनीच्या नावानं पाहा." शोधपट्टी असं काही सांगत नाही. तुम्ही जे टाकलं तेवढंच ती शोधते, आणि सापडलं नाही की तसलं काही जगात नसावं असा आपला समज होतो. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

त्या दुपारी तिला जे सांगितलं तेच क्रमानं लिहिते आहे. उदाहरण एम्प्रेस मिलचंच ठेवते. तुमचा विषय मोमिनपुऱ्यातले विणकर असो की संत्र्याचा बाजार, वाट साधारण हीच.

आधी वही, मग लॅपटॉप

पहिला अर्धा तास मशीन बंद ठेवा. वहीच्या एका पानावर तुमच्या विषयाची सगळी नावं लिहून काढा.

जमशेटजी टाटांची नागपूरची ही कापडमिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. पण कागदोपत्री कंपनी होती सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, आणि ती १८७४ पासूनची. सरकारी कागद, खटले, कायदे या लांबलचक नावानंच चालतात. १९८६ साली राज्य सरकारनं मिल ताब्यात घेण्यासाठी केलेल्या कायद्याच्या शीर्षकातही कंपनीचं नाव आधी येतं, एम्प्रेस नंतर.

तिला म्हटलं, आता हे लांब नाव इंग्रजीत टाकून इंडियन कानूनवर शोध. न्यायनिवाडे फुकट वाचायला देणारी ती साइट वकिलांची म्हणून आपण इतिहासवाले तिकडे फिरकत नाही, आणि तोटा करून घेतो. सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा निघाला. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला वर्ध्याची नगरपालिका. १९५८ च्या न्यायनिर्णय-संग्रहांत तो छापलेला आहे. भांडण सीमांत कराचं, म्हणजे गावाच्या हद्दीत येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरच्या कराचं. कंपनीच्या कापसाच्या गाठी यवतमाळहून नागपूरला रस्त्यानं यायच्या, वाटेत वर्ध्याची हद्द लागायची, आणि नगरपालिका त्यावर कर मागायची. न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला: माल नुसता हद्दीतून पुढे जात असेल तर तिथून तो 'निर्यात' झाला असं म्हणता येत नाही.

कायद्याचा मुद्दा वकिलांना लखलाभ. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. गाठी यवतमाळला तयार होत होत्या, रेल्वेनं नव्हे तर सडकेनं येत होत्या, आणि वाटेतल्या गावाला त्यात उत्पन्न दिसत होतं. मिलवरच्या कुठल्याही गौरवलेखात हे येत नाही. दोन दिवस जे 'नेटवर नाही' होतं, ते नाव बदलताच दहा मिनिटांत समोर आलं.

दुसरं पान राज्याच्या नावांचं. नागपूरकरांसाठी हे फार महत्त्वाचं, कारण आपलं शहर जागचं हललं नाही, पण त्याच्यावरची पाटी सारखी बदलत गेली. भोसल्यांचं राज्य १८५३-५४ मध्ये संपलं, इंग्रजांनी खालसा केलं. त्याआधीचे इंग्रजी कागद नागपूर रेसिडेन्सीच्या, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीच्या नावाखाली. १८६१ पासून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. पुढे वऱ्हाड जोडला गेल्यावर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार, आपल्या आजोबांच्या तोंडी सी.पी. अँड बेरार. १९५० पासून मध्य प्रदेश, आणि राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. डिजिटल सूचीत 'महाराष्ट्र' असा गाळणा लावून १९३० चं नागपूर शोधाल तर हाती भोपळा येईल. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या पोर्टलवर शोधतानाही हीच यादी शेजारी ठेवा. तिथं बहुतेक ठिकाणी फाइलचं शीर्षक शोधलं जातं, आतला मजकूर नाही. शीर्षक लिहिणाऱ्या कारकुनानं कोणता शब्द वापरला असेल, हे तुम्हालाच ओळखावं लागतं.

तिसरं पान शब्दांचं. मुंबई-पुण्याला गिरणी, आपल्याकडे मिल. संप शोधत असाल तर हरताळही टाका. इंग्रजीत त्या काळी कामगारांना 'ऑपरेटिव्हज' किंवा 'मिल हँड्स' म्हणत. आजचा 'वर्कर' टाकलात तर निम्मं निसटेल. नागपूरचं इंग्रजी स्पेलिंग तर काळाप्रमाणे फिरत राहिलं. रेसिडेंट जेन्किन्सच्या १८२७ च्या अहवालात शेवट पी-ओ-आर-ई असा आहे. मराठी-हिंदीत शोधताना दीर्घ 'नागपूर' आणि ऱ्हस्व 'नागपुर' दोन्ही टाका. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या मराठीत गाव नसून 'गांव' असतं, नाव नसून 'नांव', काही नसून 'कांहीं'. मी स्वतः एकदा एका जुन्या नियतकालिकात अमुक गावाचा उल्लेखच नाही असं लिहून बसले होते. उल्लेख सात ठिकाणी होता, अनुस्वारासकट. छापायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचले.

स्कॅन केलेलं पुस्तक म्हणजे पुस्तक नव्हे

आता लॅपटॉप उघडा. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात विदर्भाचं बरंच जुनं छापील साहित्य आहे. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेलं मध्य प्रांताचं १८७० चं गॅझेटियर (म्हणजे सरकारी माहितीग्रंथ), रसेल यांनी संपादित केलेलं १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर, आणि इंपीरियल गॅझेटियरचा अठरावा खंड, ज्यात नागपूर येतं. हा शेवटचा शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीतही मिळतो आणि तिथं वाचायला जास्त सोपा जातो. मिलच्या अभ्यासाला ग्रँट आणि रसेल एकापाठोपाठ वाचावेत: एक मिल यायच्या आधीचं नागपूर, दुसरं मिल तीस वर्षं चालल्यानंतरचं.

मराठी पुस्तकं मात्र सरळ सापडत नाहीत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया नावाच्या प्रकल्पात देशभरची लाखो पुस्तकं स्कॅन झाली. मूळ साइट बंद पडली, पण पुष्कळ प्रती इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. त्यांची शीर्षकं रोमन लिपीत, कुणीतरी घाईघाईनं टाइप केलेली. एकच शब्द तीन पुस्तकांवर तीन तऱ्हांनी. लेखकाच्या जागी प्रकाशक, सालाच्या जागी भलतंच साल. म्हणून शीर्षक अर्धवट टाका, आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं करून पाहा, आणि पुस्तक उघडल्यावर साल मुखपृष्ठाच्या आतल्या पानावरूनच घ्या. पानंही मोजा. स्कॅन करणाऱ्यानं दोन पानं एकदम उलटलेली, नकाशाची घडी न उघडता तशीच टिपलेली, समासातली ओळ कापलेली, हे सगळं मी पाहिलं आहे.

यातली सगळ्यात फसवी चीज म्हणजे ओसीआर, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा मशीननं केलेला मजकूर. तुम्ही पुस्तकात शोधता तेव्हा पुस्तकात नाही, या मजकुरात शोधता. देवनागरीत मशीन 'ध' आणि 'घ' मध्ये गडबडतं, 'भ' आणि 'म' मध्ये गडबडतं, 'ख' चे सरळ 'र' आणि 'व' करून टाकतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत शाई पसरलेली असेल तर विचारूच नका. म्हणून 'भोसले' शोधताना 'मोसले' पण टाकून पाहायचं. हसू येतं, पण सापडतं.

आकड्यांवर तर बिलकुल विसंबू नका. १९०१ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या १,२७,७३४ होती. इंग्रजांच्या काळातल्या ग्रंथात स्वल्पविराम फक्त हजारांनंतर, म्हणजे १२७,७३४. आपल्या सवयीनं लाखाचा स्वल्पविराम घालून शोधलं की काही मिळत नाही. आणि मिळालं तरी ओसीआरमधला आकडा कॉपी करायचा नाही. पानाचं चित्र मोठं करून डोळ्यांनी वाचायचा. सात आणि एक यांच्या घोळात किती प्रबंध वाहून गेले असतील, देव जाणे.

वेबॅक मशीन: तारखेपासून सावध

मिल या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद झाली. पुढे त्या जागेवर मॉल उभा राहिला. हा काळ वेबचा आहे. १९०८ साठी गॅझेटियर, तसा २००५ साठी त्या काळातली वेबपानं हाच पुरावा. बिल्डरांच्या जाहिराती, कामगार संघटनांची पत्रकं, महापालिकेच्या सूचना, वर्तमानपत्रांच्या साइटी. आज यांतलं बरंच त्यांच्या मूळ पत्त्यावर नाही.

इंटरनेट आर्काइव्ह ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केली. तेव्हापासून ती जगभरच्या साइटींच्या प्रती घेते आहे. त्या प्रती पाहायची खिडकी म्हणजे वेबॅक मशीन, २००१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये संस्थेनं एक लाख कोटी पानांचा टप्पा जाहीर केला. एवढं असलं तरी वेबॅक म्हणजे जुनं गूगल नव्हे. तिथं शब्द टाकून पानांच्या पोटातला मजकूर शोधता येत नाही. पत्ता लागतो.

हा जुना पत्ता आणायचा कुठून? कागदावरून! दोन हजार सालाच्या आसपासच्या दिवाळी अंकातल्या जाहिराती, संमेलनांच्या स्मरणिका, संस्थांची लेटरहेडं, व्हिजिटिंग कार्डं. त्या काळात साइट असणं ही मिरवायची गोष्ट होती, त्यामुळे पत्ता ठळक छापलेला असतो. एका स्मरणिकेच्या मागच्या पानावरून मला जेवढे मेलेले पत्ते मिळाले तेवढे आठवडाभर नेटवर बसून मिळाले नव्हते. विकिपीडियावरच्या जुन्या लेखांच्या तळटिपाही चाळा. तिथल्या मोडक्या लिंका तुमच्यासाठी सोन्याच्या.

पत्ता टाकला की कॅलेंडर दिसतं. ज्या दिवशी प्रत घेतली त्या तारखेवर गोल ठिपका असतो. निळा असेल तर पान नीट मिळालं. हिरवा म्हणजे साइटनं दुसरीकडे वळवलं. केशरी म्हणजे त्या दिवशी पान सापडलं नाही, लाल म्हणजे सर्व्हरच बिघडलेला होता. नवखे लोक फक्त निळे उघडतात. हिरवे जरूर उघडा. कार्यालयानं पत्ता कधी बदलला ते तिथं कळतं. आपल्याकडे सरकारी साइटी एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर गेल्या, तेव्हा मागची पानं पुष्कळदा मागेच राहिली. अशा वेळी जुना पत्ता वेगळा आणि नवा वेगळा असं दोनदा शोधायचं.

प्रत उघडल्यावर वरच्या पत्त्यात चौदा आकडे दिसतील. उदाहरणार्थ २००७०४१५१९३०००. डावीकडून वाचा: साल २००७, महिना ०४, तारीख १५, वेळ १९ वाजून ३० मिनिटं ०० सेकंद. आता गंमत. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे नागपुरात तेव्हा १६ एप्रिल उजाडला होता, रात्रीचा एक वाजला होता. एखाद्या घोषणेचं, निवडणुकीच्या निकालाचं पान असेल तर या एका दिवसानं तुमचा अर्थ उलटा होऊ शकतो.

आणि ही तारीख प्रत घेतल्याची, पान लिहिल्याची नव्हे. पान चार वर्षं आधी लिहिलेलं असू शकतं. शिवाय एका पडद्यावर दिसणारं सगळं एका वेळचं असेलच असं नाही. मजकूर एप्रिलचा, डावीकडचा फोटो नोव्हेंबरचा, बोधचिन्ह पुढल्या वर्षीचं, असं शिवलेलं गोधडीसारखं पान तुम्ही पाहत असता. कोपऱ्यात या प्रतीविषयीची माहिती देणारं बटण आहे, ते दाबलं की कुठला तुकडा किती दिवस मागचा-पुढचा ते दिसतं. निल्स ब्रुगर नावाचे डॅनिश अभ्यासक अशा पानाला 'रीबॉर्न' म्हणतात, पुन्हा जन्मलेलं. जसंच्या तसं हे पान त्या रूपात कधी कुणी पाहिलंच नसेल, ही शक्यता ध्यानात ठेवा.

आतल्या लिंकवर टिचकी मारतानाही लक्ष वरच्या पट्टीवर हवं. तुम्ही २००७ च्या मुखपृष्ठावरून 'आमच्याविषयी' उघडता, आणि मशीन गुपचूप तुम्हाला २०११ च्या प्रतीवर नेऊन सोडतं, कारण २००७ ची तिच्याकडे नसते. तिथून चेअरमनचं नाव घेतलंत आणि २००७ च्या प्रसंगाला जोडलंत तर संपलं.

दोन हत्यारं मात्र फार उपयोगी. एक, 'चेंजेस': एकाच पानाच्या दोन तारखांच्या प्रती शेजारी-शेजारी ठेवून काढलेला मजकूर पिवळा आणि घातलेला निळा करून दाखवतं. संस्थेच्या इतिहासाच्या पानावरून एखादं वाक्य कधी गायब झालं हे शोधायला याच्यासारखं साधन नाही. दुसरं, पत्त्याच्या शेवटी तारांकन टाकायचं. मग त्या साइटच्या जेवढ्या पानांच्या, फाइलींच्या प्रती आहेत त्यांची यादी निघते. त्यात पीडीएफ गाळून घ्या. मुखपृष्ठावर कुठेच लिंक नसलेले जुने अहवाल असे हाती लागतात.

जिथं अक्षरांच्या जागी कचरा दिसतो

मराठीवाल्यांची खास अडचण इथं आहे, आणि इंग्रजीतली मार्गदर्शनं तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची एकच संगणकी अक्षरव्यवस्था, रुळण्याआधी मराठी साइटी आपापल्या फॉन्टवर चालत. शिवाजी, श्रीलिपी, सी-डॅकचे डीव्ही फॉन्ट, आणि सरकारी कार्यालयांत नि झेरॉक्सवाल्यांकडे कृतिदेव. हे फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा. कृतिदेवमध्ये 'नागपूर' टाइप केलं की आत प्रत्यक्षात यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट नसेल तर पडद्यावर हीच दिसतात, आणि माणूस 'फाइल खराब आहे' म्हणून बंद करतो.

बंद करू नका. मजकूर शाबूत आहे. पानाचा सोर्स, म्हणजे त्याच्यामागचा कोड, उघडा, फॉन्टचं नाव बहुतेक तिथंच लिहिलेलं असतं. मग त्या फॉन्टवरून युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर घ्या, नेटवर फुकट मिळतात. जोडाक्षरं आणि रफार बदलताना तुटतात, ते हातानं नीट करा. मूळ कचरासुद्धा जपून ठेवा, फेकू नका: उद्या कुणी विचारलं तर तोच तुमचा अस्सल कागद. आणि एक उलटी युक्ती. जुन्या पीडीएफमध्ये 'नागपूर' शोधायचं असेल तर त्या सहा इंग्रजी अक्षरांनीच शोधा. माझ्या वर्गात ही युक्ती सांगितली की पोरं टाळ्या वाजवतात.

युनिकोड आल्यावर सगळं सुटलं असंही नाही. 'वऱ्हाड' हा आपला रोजचा शब्द. त्यातला अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधणारं मशीन दोन वेगळे शब्द समजू शकतं. 'ॲक्ट' मधल्या पहिल्या अक्षराचंही तेच. यावर उपाय फार विद्वत्तेचा नाही. एका तऱ्हेनं टाइप करून शोधा, मग एखाद्या जुन्या पानावरून तोच शब्द कॉपी करून पुन्हा शोधा.

नाही म्हणजे काय

वेबॅकमध्ये नसणं हा पुरावा नव्हे. क्रॉलर, म्हणजे साइटी टिपत फिरणारा प्रोग्राम, लिंकवरून लिंकवर जातो. जिथं फॉर्म भरून 'शोधा' दाबावं लागतं, तिथं तो थांबतो. पासवर्डाच्या आड जात नाही. फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले मेनू, जे एके काळी प्रत्येक मराठी साइटवर फडफडत असायचे, ते २०२० अखेर फ्लॅश बंद झाल्यावर साध्या ब्राउझरात उघडतच नाहीत. ज्याच्याकडे कुणी लिंक दिली नव्हती अशी गल्लीतल्या मंडळाची साइट बहुधा टिपलीच गेली नाही. परदेशी विद्यापीठांची, इंग्रजी वर्तमानपत्रांची पानं दाट मिळतात, नागपूरच्या टेकडी लाइनच्या दुकानदार संघाचं एखादं. हा झुकाव प्रबंधात लिहा, लपवू नका.

आपल्याकडे हे जपायची कायद्यानं कुणावर सक्तीही नाही. प्रकाशकांनी प्रती ग्रंथालयांना द्यायचा १९५४ चा कायदा पुस्तकांचा, त्यात १९५६ मध्ये वर्तमानपत्रं आली. वेबपानांचा त्यात विषय नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून वेबपानंही त्या कक्षेत आहेत. अर्थात तिथंही सुरक्षित काही नाही: ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिचं वेब-आर्काइव्हही बंद पडलं. बरोबर वर्षानं, ऑक्टोबर २०२४ मध्ये, इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला होऊन वेबॅकही काही दिवस बंद होतं. त्याआधी २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिनेमांच्या चोरट्या प्रतींच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून इंटरनेट आर्काइव्हची साइट भारतात अडवली गेली होती. प्रबंध जमा करायच्या आठवड्यात असं झालं तर काय कराल?

स्वतःची प्रत ठेवाल. मी नव्हती ठेवली. एका कार्यालयाच्या साइटवर रस्तारुंदीकरणातल्या घरांची यादी होती, पीडीएफ. लेखात लिंक दिली आणि निश्चिंत झाले. सहा महिन्यांनी लेख तपासणाऱ्यांनी विचारलं, यादी कुठे आहे? कार्यालयानं साइट नव्यानं केली होती. वेबॅकवर त्या पीडीएफकडे नेणारं पान होतं, लिंकसुद्धा होती, फक्त पीडीएफ नव्हती. लेखातला तो परिच्छेद काढावा लागला.

म्हणून आता माझी पद्धत अशी. कामाचं पान दिसलं की पहिल्याच दिवशी वेबॅकच्या 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये टाकते, आणि त्यातली प्रत्येक पीडीएफ वेगळी टाकते. एक प्रत माझ्या मशीनवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. फाइलच्या नावात आधी तारीख, मग कुठून, मग विषय. साइट बटणं-बिटणंवाली असेल तर आर्काइव्हवेब डॉट पेज हे ब्राउझरमध्ये बसणारं साधन वापरते: तुम्ही जसजसं पान चाळता तसतसं ते टिपत जातं.

वहीत प्रत्येक शोधाची एक ओळ: दिनांक, कुठे शोधलं, कोणता शब्द टाकला, किती निकाल, त्यातलं काय घेतलं. काही न मिळालेले शोधही लिहायचे. कंटाळवाणं आहे, पण 'अमुक शब्दांनी, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी शोधलं आणि मिळालं नाही' हे विधान इतिहासाचं असतं. 'उल्लेख आढळत नाही' हे नुसतं गप्पांचं.

तळटीप अशी: पानाचं शीर्षक, संस्थेचं नाव, मूळ पत्ता, वेबॅक मशीनवरील प्रत, १५ एप्रिल २००७, १९.३० जागतिक प्रमाणवेळ, पाहिल्याचा दिनांक. गॅझेटियर स्कॅन वाचलं असेल तर तसं लिहा. पडद्यावर वाचून छापील प्रतीचा हवाला देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. ती सोडा.

माणसांच्या बाबतीत जरा जपून. जुन्या साइटींवर गेस्टबुक, म्हणजे येणाऱ्यांनी अभिप्राय लिहायचं पान, असायचं. त्यात लोकांनी नाव, गाव, फोन, कधी जात, कधी घरचं दुखणं लिहिलेलं आहे. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तिथल्या गप्पांचे तुकडे अजून कुणाकुणाच्या स्क्रीनशॉटमध्ये फिरतात. मिल बंद पडल्यावर देण्यांसाठी फिरणाऱ्या एखाद्या कामगाराच्या मुलानं २००४ मध्ये रागात काही लिहिलं असेल, तर ते त्यानं तुमच्या प्रबंधासाठी लिहिलेलं नाही. नाव गाळा, मुद्दा घ्या. शक्य असेल तर माणूस शोधा आणि बोला. मिलमध्ये काम केलेले अजून आहेत, आणि चहा पाजला तर स्कॅनपेक्षा जास्त सांगतात.

रविनगरपासून सीताबर्डीपर्यंत पायाखालची ठिकाणं तर सोडूच नका: शासनाचं पुराभिलेखागार, विदर्भ संशोधन मंडळ, विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय. वर्तमानपत्रांच्या फाइली पडद्यावर वाचण्यात आणि हातात घेऊन वाचण्यात फरक पडतो. शोधून काढलेली बातमी एकटी येते. फाइल उलटताना शेजारची बातमी, वरचे कापसाचे भाव, खालची औषधाची जाहिरात, सगळं एकदम दिसतं. संपाची बातमी पहिल्या पानावर होती की पाचव्या पानाच्या तळाशी, हे शोधपट्टी सांगत नाही.

त्या विद्यार्थिनीनं दुसऱ्या दिवशी वही आणून दाखवली. पहिल्या ओळीत तारीख, इंडियन कानून, कंपनीचं लांब नाव, निकाल. पुढे तिनं स्वतःच एक प्रश्न लिहिला होता: वर्ध्याच्या नगरपालिकेला त्या करातून किती मिळत असेल, आणि तिचे तेव्हाचे हिशेब कुठे असतील? मला म्हणाली, "मॅडम, हे कोणत्या साइटवर पाहू?"

सकाळची वर्ध्याची गाडी पकड म्हटलं, आणि डोक्याला दुपट्टा बांधून जा.